नवं बांधायचा खिळा

नामाने खिळा ठोकला तेव्हा घरात कोणी नव्हतं. पुढे जे जे झालं ते या एका सोयीमुळे झालं. घरात कोणी असतं तर त्याचा हात धरला असता, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

दसऱ्याची सकाळ होती. बायको सुंदरा खाचरातून नव्या भाताच्या लोंब्या आणायला गेली होती. मुलगा ऋषिकेश आणि सून सुरभी झेंडू घ्यायला शिळफाट्यावर गेले होते. कुंभिवलीच्या या बाजूला दसऱ्याला नवं बांधतात. चार लोंब्या, एक आंब्याचं पान, एक झेंडू, सगळं सुतळीने आवळून देवाजवळ टांगायचं. ते वर्षभर तिथेच राहतं. पुढच्या दसऱ्याला नवं आलं की जुनं उतरवायचं. मधेच काढलं तर घरातलं धान्य हलतं, असं सुंदराचं ठाम मत आहे आणि तिच्या मताला घरात अपील नाही.

जुन्या घरात नवं टांगायला लाकडी खांबाला खुंटी होती. दोन वर्षांपूर्वी स्लॅबचं घर झालं. खांब गेले, खुंट्या गेल्या आणि भिंतींच्या पोटातून वायरी गेल्या. वास्तुशांतीच्या दिवशीच ऋषिकेशने बजावलं होतं, "बाबा, या भिंतींना खिळा मारायचा नाही. वायरी आत आहेत, दिसत नाहीत." खिळ्यावाचून अडू नये म्हणून सुरभीने देव्हाऱ्याशेजारी, विजेच्या बोर्डाच्या वर हातभर, एक चिकटणारा हुक लावून दिला. त्या हुकाने गेल्या सालचं नवं अख्खं वर्ष धरलं, याचा तिला मनापासून अभिमान होता. आल्यागेल्याला ती तो हुक दाखवायची.

यंदा पावसाने भिंतीला ओल धरली, आणि जुनं नवं उतरवताना हुक नामाच्या हातात आला.

आता सुनेला वाईट वाटेल, असा विचार करणं हा काही गुन्हा नाही. नामाने तेवढाच विचार केला. दोन इंची खिळा घेतला, हातोडी घेतली आणि चार घाव घातले. पहिले तीन कडक लागले. चौथ्याला खिळा जरा मऊ गेला. सिमेंट कच्चं राहिलंय असं नामाला वाटलं आणि त्याने मनातल्या मनात गवंड्याला दोन शब्द ऐकवले. हुक परसातल्या केळीच्या बुंध्याशी पुरला. सुंदरा लोंब्या घेऊन आली, पोरं झेंडू घेऊन आली, नवं बांधून झालं, ते नामाने स्वतःच्या हाताने टांगलं आणि झेंडूचं फूल असं वळवलं की खिळा दिसू नये.

संध्याकाळी सुरभीने बोर्डात लॅपटॉप लावला तर तो चार्ज होईना. ती घरूनच कंपनीचं काम करते. मग कळलं की हॉलमधला सॉकेट मेलाय, स्वयंपाकघरातला मिक्सरचा मेलाय आणि फोन लावायचाही मेलाय. दिवे मात्र लागत होते, पंखे फिरत होते.

शेजारचा गजा बातमीच्या वासाने आलाच. गजाने तरुणपणी एका गणपतीत माळा लावल्या होत्या आणि तेव्हापासून आळीतल्या विजेवर त्याचा हक्क आहे. त्याने बोर्डाकडे दुरून पाहिलं, मान हलवली.

"न्यूट्रल गेला," तो म्हणाला.

"कुठं गेला?" नामाने विचारलं.

"गेला म्हंजे गेला. तो असाच जातो."

"मग परत येतो का?"

"काय काय येळा येतो," गजा म्हणाला आणि चहासाठी बसला.

ऋषिकेशने विठूला फोन लावला. विठू शिळफाट्याचा वायरमन. पण दिवाळी तोंडावर आलेली, सगळ्या दुकानांना रोषणाई करून हवी होती. "कोजागिरीला दुपारी येतो, नक्की," विठू म्हणाला. म्हणजे पाच दिवस. पडवीतला सॉकेट तेवढा चालू होता; तिथून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात अशी एक लांबलचक वायर पसरली गेली आणि घरातली माणसं ती ओलांडत चालायला लागली. इथवर सगळं ठीक होतं. अडचण होती, भीती नव्हती.

भीती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सुंदरा अंघोळ करून आली, ओल्या बोटाने नव्याला हळदकुंकू लावलं आणि हात तसाच धरून उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली, "इकडं या. नव्याला बोट लावलं का हाताला मुंग्या येतात."

नामा चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

"कसल्या मुंग्या?"

"झिणझिण होतं. पार कोपरापातुर." तिने पुन्हा बोट लावलं. तिच्या तोंडावर असा आनंद होता जसा त्याने लग्नानंतर फारसा पाहिला नव्हता. "यंदा नवं जागतं हाय बघा. लक्षुमी आली."

नामाला तो मऊ लागलेला चौथा घाव आठवला. त्याने मनातल्या मनात गवंड्याची माफी मागितली.

इथे एक सांगायला हवं. नामा विजेला भितो, आणि साधासुधा भीत नाही. लहानपणी पावसात तुटून पडलेल्या तारेवर त्यांची म्हैस गेली होती. ती उभी होती आणि मग नव्हती, मधे काहीच झालं नाही. तेव्हापासून घरातला दिवासुद्धा तो दुसऱ्याला लावायला सांगतो. मेन स्वीचला तर त्याने जन्मात हात लावलेला नाही. आणि हाच नामा महामार्गावरच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं होता, आणि दर साली सुरक्षा सप्ताहात सगळ्या कामगारांपुढे सुरक्षेची शपथ वाचायचा मान त्याचा असायचा, कारण आवाज खणखणीत. त्याबद्दल मिळालेलं घड्याळ हॉलमध्ये लावलेलं आहे. तेही चिकटणाऱ्या हुकावर.

अशा माणसाने घरातल्यांना कसं सांगावं, की बजावून ठेवलेल्या भिंतीत मी खिळा मारला, तो वायरीत गेला आणि तुमची लक्षुमी म्हणजे करंट आहे? सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात सुरभी म्हणाली, "आई, बघितलंत ना, माझा हुक किती लकी आहे," आणि त्याचं तोंड पुन्हा मिटलं.

"नको गं हात लावू," तो एवढंच म्हणाला.

"का?"

"जागतं हाय म्हनतेस ना. जागत्याला सारखं शिवू नये."

सुंदराने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा धर्माचं काहीतरी बोलला होता.

त्याच दुपारी नामा शिळफाट्यावर जाऊन टेस्टर घेऊन आला. टोकाला लोखंड, मागे पिवळी मूठ, आत इवलासा दिवा. दुकानदाराने सांगितलं, टोक लावा, मागे बोट ठेवा, करंट असेल तर दिवा लागतो. सगळी माणसं मागल्या दारी असताना नामाने रबरी चपला घातल्या, चपलांखाली गोणपाट घेतलं, गोणपाटाखाली पाट घेतला आणि टेस्टर झेंडूमागच्या खिळ्याला लावला. पण लावताना त्याचे डोळे आपोआप मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी दिवा लागला की नाही हे कळत नाही. तीनदा असं झालं. चौथ्यांदा त्याने एकच डोळा उघडला. दिवा लागला होता. लाल, बारीक, स्वस्थ, जसा काही तो आधीपासून तिथेच राहतो.

ही गोष्ट आता फक्त दोघांना ठाऊक होती, नामाला आणि टेस्टरला.

पाट तिथेच पडलेला सुंदराने पाहिला. "ह्यो कशाला?"

"पाटावर उभं राहून हळदकुंकू लावायचं," नामा म्हणाला. "आन् कोरड्या हातानं. मान असतो तसा."

"कुनी सांगितलं?"

"जुनी मानसं तसंच करायची."

लाकडातून वीज जात नाही एवढं त्याला कारखान्यात कळलं होतं, बाकी सगळं त्याने जागच्या जागी रचलं. सुंदराने मानलं. पण तिसऱ्या दिवशी मागल्या आळीतली वनिता आली, आणि सुंदराने तिला झिणझिण्यांची हकिकत सांगितली. वनिताने बोट लावलं. पाटावर उभी असल्याने तिला काहीच झालं नाही.

"मला नाय येत," ती नाराजीने म्हणाली.

"खाली उतरून बघ," सुंदरा म्हणाली.

वनिता पाटावरून उतरून फरशीवर उभी राहिली, बोट लावलं आणि "आई गं" म्हणून हसली. नामा दाराआडून पाहत होता. त्याने इतक्या कष्टाने रचलेलं शास्त्र दोन बायकांनी पाच मिनिटांत उलटं केलं होतं. पाटावर लक्षुमी येत नाही, खाली येते, हे दुपारपर्यंत आळीभर झालं. संध्याकाळपर्यंत सहा जणी येऊन गेल्या. ज्यांना जास्त झिणझिण झालं त्या जास्त पुण्यवान ठरल्या. गजाही बोट लावून गेला आणि आपल्याला काही झालं नाही म्हणून खट्टू झाला. त्याच्या पायात चपला होत्या.

त्या दिवसापासून नामा देव्हाऱ्यासमोर खुर्ची टाकून बसला. कोणी आलं की टॉवेल पुढे करायचा. "हात पुस. नीट पुस. बोटांच्या बेचक्यात पण." बायका म्हणाल्या, नामाकाकांना वैराग्य आलं. सुरभी नवऱ्याला म्हणाली, "बाबांना सध्या काय झालंय?" सुंदरा मात्र नुसती त्याच्याकडे बघायची.

चौथ्या दिवशी तो तालुक्याला विजेच्या ऑफिसात गेला. त्याचा बेत सोपा होता. विठू येईपर्यंत सरकारनेच घराची लाईट बंद करावी, म्हणजे कोणालाच काही सांगायला नको.

"तक्रार काय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"लाईट हाय."

"नाही का?"

"हाय. तीच तक्रार हाय."

बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, लाईट नसल्याची तक्रार असते. असल्याचा रकानाच नाही."

"मग दोन दिवस बंद करून द्या. मी अर्ज लिहून देतो."

"ग्राहक तुम्हीच?"

बिलावर नाव वडिलांचं होतं, लडकू. "माझा बाप," नामा म्हणाला.

"मग त्यांना घेऊन या."

"ते वारले. बावीस वर्सं झाली."

"मग आधी मीटर तुमच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला, वारसांचं पत्र, सगळ्यांच्या सह्या. त्यानंतर तुम्हाला बंद करायचा अर्ज करता येईल." त्या वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरात काही फॉल्ट आहे का? खांबापासून मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढे तुमचं. फॉल्ट असेल तर मेन स्वीच पाडा आणि वायरमन बोलवा. मेन पाडायला अर्ज लागत नाही."

मेन पाडा. नामा परत येताना टेंपोत हेच दोन शब्द तोंडात घोळवत होता. मेन स्वीच पडवीत होता, जुन्या घरातून आणलेला, काळ्या पत्र्याची पेटी आणि तिला लोखंडी दांडा. तो पाडला तर सुरभीचं काम बंद पडणार, ती का म्हणून विचारणार, आणि मग खिळा. शिवाय दांडा पाडताना आत ठिणगी उडते, हे त्याने लांबून पाहिलेलं होतं. घरी पोचल्यावर तो पेटीसमोर उभा राहिला, टॉवेल हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला आणि आत जाऊन खुर्चीवर बसला. एरवी आठवड्यातून दोनदा जाणारी लाईट त्या पाच दिवसांत एकदाही गेली नाही.

त्याने काठीने नवं खाली पाडायचाही प्रयत्न केला. काठी सुतळीत अडकवली आणि मागून सुंदराचा आवाज आला.

"काय करताय?"

"जाळं झाडतोय."

"नव्याचं?"

"आजूबाजूचं."

तिने काठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. "वर्सभर राहू दे," ती म्हणाली. "तुमी येवढ्या मनानं टांगलंय."

कोजागिरीची सकाळ उजाडली. विठू दुपारी येणार होता, म्हणजे फक्त सहा तास काढायचे होते, आणि नामा टॉवेल घेऊन खुर्चीवर बसला होता. नऊच्या सुमारास वनिता सात जणींना घेऊन आली. सगळ्या न्हालेल्या, पाय ओले, केस ओले. नव्या तांदळाची खीर आणली होती. वनिताच्या हातात पाण्याने भरलेला तांब्याचा तांब्या होता आणि त्यात आंब्याची डहाळी.

"आज नव्यावर पानी शिंपडायचं," ती म्हणाली. "सुंदराकाकी, तुमी डहाळी धरा, मी तांब्या धरते, बाकीच्यांनी एकमेकींचा हात धरा. लक्षुमी सगळ्यांना मिळंल."

नामाने त्या आठ ओल्या बायका पाहिल्या, धरलेले हात पाहिले, पाण्याचा तांब्या पाहिला. त्याला म्हैस आठवली. त्याने टॉवेल पुढे केला, तो कोणी घेतला नाही. तो म्हणाला, "पाट," ते कोणी ऐकलं नाही. सुंदराने डहाळी पाण्यात बुडवली आणि वर उचलली. पानांच्या टोकांना थेंब लोंबत होते.

नामा खुर्चीवरून उठला. पुढे काय झालं ते त्याला नीट सांगता येत नाही. पसरलेल्या वायरीत त्याचा पाय अडकला, तो पडवीत गुडघ्यावर आपटला, तसाच उठला आणि उघड्या हाताने, चपला नसलेल्या पायांनी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याने लोखंडी दांडा खाली ओढला. पेटीत चट असा आवाज झाला. निळी ठिणगी त्याने पाहिली. पंखे मंदावत थांबले. स्वयंपाकघरातून सुरभी ओरडली, "बाबा, मीटिंग चालू आहे."

हॉलमध्ये डहाळीतलं पाणी नव्यावर पडलं होतं. सुंदराचं ओलं बोट झेंडूला टेकलेलं होतं. आठही जणी वाट बघत उभ्या होत्या.

"काय होत नाय," सुंदरा म्हणाली.

"गेली," वनिता म्हणाली. तिने दाराकडे पाहिलं. तिथे नामा एका हाताने चौकट धरून उभा होता, गुडघ्यातून रक्त येत होतं. "नामाकाका, तुमी काय केलं?"

"लाईट पाडली," नामा म्हणाला. त्याचा शपथ वाचायचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ती लक्षुमी नाय. करंट हाय तो. त्या फुलामागं खिळा हाय, दोन इंची. मी ठोकला. तो वायरीत गेला. सॉकेट पन त्यानंच मेले. पाच दिस तुमी करंटच्या पाया पडताय, आन् मी टॉवेल घेऊन बसलोय."

वनिताने तांब्या हळूच खाली ठेवला आणि दोन्ही हात पदराला पुसले, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. एकेक जण खीर तिथेच सोडून निघाली. गजा दारात उभा होता. तो म्हणाला, "मी पयल्याच दिशी सांगितलं होतं, न्यूट्रल," पण कोणी ऐकलं नाही.

सुरभी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. "माझा हुक कुठे आहे?" तिने विचारलं.

"केळीखाली पुरलाय," नामा म्हणाला. "तुला वाईट वाटंल म्हनून."

तिने आत जाऊन हळद आणली आणि त्याच्या गुडघ्याला लावली. जरा जोराने लावली.

सुंदरा अजून भिंतीपाशीच उभी होती. "खिळा मला ठावं होता," ती म्हणाली.

"काय?"

"दसऱ्याला फरशीवर शिमिटाचा भुगा पडला होता. मीच झाडला, पोरं यायच्या आत. फूल पन तुमी वळवलंत ते नीट झाकत नव्हतं, मी अजून वळवलं." तिने बोटाकडे पाहिलं. "करंटचं मला ठावं नव्हतं. मला वाटलं, तुमी चोरून ठोकलात तरी ती आली. म्हनून तर येवढं वाटलं."

नामा खाली बसला.

विठू दुपारी दोनला आला. त्याने भिंत वितभर फोडली. खिळा वायरीच्या बरोबर मधोमध गेला होता. तांबं तुटून दोन तुकडे झाले होते, मीटरकडचं टोक खिळ्याला टेकलं होतं. असा नेम लावून मारायचा म्हटलं तरी लागणार नाही, असं विठू म्हणाला. मग तो सुंदराकडे वळला. "काकी, आज लाईट चालू असताना भिंतीवर पाणी गेलं असतं ना, तर मी सॉकेट बघायला आलो नसतो. मी दहाव्याला आलो असतो." त्याने वायर बदलली आणि झटका बसताच आपोआप बंद पडणारा नवा स्वीच पडवीत बसवला. संध्याकाळी तिन्ही सॉकेट जिवंत झाले. सुरभीने दाराच्या लाकडी चौकटीला ड्रिलने भोक पाडून बांबूची खुंटी बसवून दिली, आणि तेच नवं, जरा भिजलेलं, तिथे टांगलं गेलं.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरा न्हाऊन आली, हळदकुंकवाची वाटी घेऊन चौकटीपाशी गेली आणि थांबली. तिचा हात वर गेला आणि अधांतरीच राहिला. नामाने खिशातून टेस्टर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. डोळे मिटले की टेस्टरचा दिवा दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने हात पाण्यात बुडवला, अनवाणी फरशीवर उभा राहिला, डोळे घट्ट मिटले आणि ओलं बोट नव्याला लावलं.

"काय झालं?" सुंदराने विचारलं.

"काय नाय."

"नक्की?"

"काय नाय गं."

"मग सरा बाजूला," ती म्हणाली आणि कुंकू लावलं.

असं आता रोज सकाळी होतं. डोळे त्याचे अजूनही मिटतात.